गोळ्यांचं मशीन की खेळण्यांचं? खानदेशातल्या उन्हात नफ्याचा हिशेब

नाणं टाकून मूठ फिरवली की खाली गोळ्या किंवा डबीतलं खेळणं पडतं, अशी बिनविजेची मशीनं दुकानाबाहेर लावायची असतील, तर एका नाण्यामागे किती सुटतात यावर निर्णय घेऊ नका. महिनाअखेर किती उरले आणि त्यासाठी किती फेऱ्या झाल्या, ते मोजा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि गोळ्यांचा हिशेब तिथेच फिरतो.

आधी नाणं ठरवा. पाचचं टाळा. जुनं पाचचं नाणं २३ मिमीचं, २०१९ च्या मालिकेतलं २५ मिमीचं. शिवाय त्याच मालिकेतलं दोनचं नाणं नेमकं २३ मिमीचं आहे. दहाचं पहिल्यापासून २७ मिमी आहे. फक्त २००७ च्या सुमारास आलेलं, हाताच्या मुद्रेचं दोनचं नाणंही २७ मिमी भरतं, पण वजनाला हलकं असतं. मशीन घेताना ते टाकून पाहा. मूठ फिरली तर ते मशीन घेऊ नका. वीसचं बाराकोनी नाणंही याच मापाचं असल्याने तेही टाकून बघा.

आता नमुन्याचा हिशेब. यातले दर तुमच्या बाजारातले घाला. दोन्ही मशीनं दहाच्या नाण्याची, दुकानदाराचं कमिशन गल्ल्याच्या २० टक्के, एका फेरीचा पेट्रोलखर्च ६० रुपये.

गोळ्या: महिन्याला ३०० नाणी, गल्ला ३,००० रुपये. गोळ्या २५० रुपये किलो आणि एका वेळी २० ग्रॅम पडतात, म्हणजे नाण्यामागे ५ रुपयांचा माल, एकूण १,५००. कमिशन ६००, चार फेऱ्यांचे २४०. हिवाळ्यात नासाडी ५० रुपये धरली तर ६१० उरतात. उन्हाळ्यात दोन किलो माल चिकटून फेकावा लागला तर नासाडी ५०० होते आणि हातात १६० राहतात.

खेळणी: २०० नाणी, गल्ला २,०००. डबीसकट खेळणं ४ रुपयांना, म्हणजे ८००. कमिशन ४००, दोन फेऱ्यांचे १२०, तुटफूट ४०. उरतात ६४०, आणि फेऱ्या निम्म्याच. गोळ्यांचा गल्ला दीडपट असूनही हिवाळ्यात दोघं जवळपास बरोबरीत येतात. उन्हाळ्यात खेळणी सरळ पुढे जातात. मशीनची किंमत या उरलेल्या रकमेने भागली की पैसे किती महिन्यांत वसूल होतील ते कळतं.

गोळ्यांच्या नफ्याची किल्ली, मुठीबरोबर आत फिरून माल खाली सोडणाऱ्या चकतीच्या कप्प्यात असते. २० ऐवजी २४ ग्रॅम पडले तर ३०० नाण्यांमागे ३०० रुपये जातात. म्हणून भरल्यावर दहा वेळा मूठ फिरवा, पडलेला माल तोलून दहाने भागा आणि मग कप्पा लहान-मोठा करा. आत चॉकलेट असलेल्या गोळ्या फाल्गुनानंतर भरूच नका, कवच तडकतं आणि चकती लडबडते. बडीशेप किंवा जिऱ्याच्या कडक गोळ्या उन्हात टिकतात, पण पावसाळ्यात दमटपणाने त्यांचाही गठ्ठा होतो. वरून डबा भरलेला दिसतो आणि खाली काहीच पडत नाही. गिऱ्हाईक तिथेच तुटतं, म्हणून डबा अर्धाच भरा. साखरेची भुकटी गरम पाण्याने धुतल्यावर चकती पूर्ण वाळवा. ओल राहिली तर दुसऱ्याच दिवशी नवा माल चिकटतो. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

खेळण्यांचं दुखणं वेगळं आहे. पोरांनी तोच माल दोनदा पाहिला की मूठ फिरत नाही, म्हणून महिन्याला निम्मा माल बदला. उन्हात पातळ डब्यांची झाकणं वाकतात आणि उघडी डबी चकतीत अडकते. मशीन पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका, आणि चकती डबीच्याच मापाची घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात बारीक वस्तू अडकू शकते, ही सूचना काचेवर मोठ्या अक्षरांत लावा.

यात्रांचंही तसंच. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा मार्गशीर्षात, थंडीत भरते. तिथे गोळ्या न्या. अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात, बोरीच्या पात्रात भरते. तिथे फक्त खेळणी.

कागदपत्रांत गोळ्यांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ठोक बाजारात बिनचिन्हाचा माल स्वस्त मिळतो, तो धरून काढलेला नफा खोटा आहे.

गल्ला दुकानदारासमोरच उघडा. दहाची १०० नाणी साधारण ७७० ग्रॅम भरतात, त्यामुळे तोलूनही चटकन अंदाज येतो. कमिशन नाण्यांतच द्या, दुकानदाराला सुट्टे हवेच असतात. उरलेली नाणी बँकेत भरा. कारण एका व्यवहारात एक हजार रुपयांपलीकडची नाणी घेण्याचं बंधन कायद्याने व्यापाऱ्यावर नाही.