एका खांद्यावर फिल्म, एका खांद्यावर डिजिटल: नाशिकच्या लग्नांत दोन्ही कॅमेरे सांभाळताना

पत्रिका हातात आली की आधी मुहूर्ताची वेळ वाचा, कार्यालयाचं नाव नंतर. मुहूर्त दुपारी साडेबाराच्या आसपास असेल तर 400 आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म किती कमी उजेडात चालते त्याचा आकडा) रोल मांडवात निवांत चालतो. गोरज मुहूर्ताचं गणित वेगळं. औरंगाबाद रोड, गंगापूर रोडच्या लॉन्सवर पत्रिकेत संध्याकाळचे सहा-साडेसहा छापलेले असतात, नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन नाचत-वाजत येईपर्यंत सात वाजतात. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या. म्हणजे मंगलाष्टका सुरू होतात तेव्हा आकाशातला उजेड संपलेला असतो आणि स्टेजवर उरतात ते सनगन (व्हिडिओवाल्यांचे प्रखर दिवे), एलईडी वॉल आणि रंगीत पार लाइट. तेव्हा फिल्मचा कॅमेरा बॅगेत ठेवायचा. आदल्या दिवशीची हळद, सकाळची तयारी, दुपारचं गौरीहर पूजन यांवर रोल खर्च करायचे, हे पत्रिका वाचतानाच ठरलेलं असावं.

नवीन माणसाचा गोंधळ बहुतेक इथेच होतो. कोणता कॅमेरा कधी उचलायचा हे ठरलेलं नसतं, मग अंतरपाट धरलेला असताना हातात नेमका फिल्मचा कॅमेरा असतो आणि काउंटर 36 वर, म्हणजे रोल संपलेला. यासाठी एक नियम कायमचा पाळा: जो क्षण पुन्हा घडणार नाही तो आधी डिजिटलवर. अंतरपाट दूर होणं, वरमाला, मंगळसूत्र, कन्यादान, सप्तपदी, कानपिळी, हे सगळं डिजिटलचं. त्यातही डिजिटल बॉडीला दोन कार्डांची सोय असेल तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी सेव्ह होऊ द्या. जिथे माणसं थोडी थांबतात, उजेड स्थिर असतो आणि चेहऱ्याला वेळ देता येतो, तिथे फिल्म: मुंडावळ्या बांधणारे हात, हिरवा चुडा, आजी-आजोबा, घरच्यांचे फोटो, सूनमुख. बरोबर दुसरा फोटोग्राफर नसेल तर विधी चालू असताना फिल्मला हातच लावू नका.

एका लग्नाला 35 एमएमचे पाच रोल पुरतात. हळदीला एक, तयारी आणि गौरीहराला एक, घरच्यांच्या फोटोंना एक, पाठवणीला ब्लॅक अँड व्हाइटचा एक आणि एक राखीव. हौसेने दहा नेले तर दहाही संपतात आणि खर्च अंगावर येतो. हिशोब फ्रेममागे करा. समजा रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून 2,400 रुपये झाले, तर 36 फ्रेमना भागून एक फ्रेम साधारण 67 रुपयांची. तोच खर्च मीडियम फॉरमॅटच्या 120 रोलवर 6×7 कॅमेऱ्यात केला तर रोलमागे 10 फ्रेम मिळतात, म्हणजे फ्रेम 240 रुपयांची. आजचे भाव टाकून हा आकडा काढा आणि ऑर्डर घेतानाच सांगा. पार्टीला रोलची संख्या लिहून द्या, फोटोंची देऊ नका. रोलमधल्या सगळ्याच फ्रेम देण्याजोग्या निघतात असं नाही.

आता कॅमेरा. निकॉनची डिजिटल एसएलआर बॉडी असेल तर एफएम2 बघा. तिचं शटर पूर्ण मेकॅनिकल, दोन एलआर44 सेल फक्त मीटरसाठी लागतात, त्यामुळे सेल संपले तरी काम थांबत नाही. शटर 1/4000 सेकंदापर्यंत जातं आणि नंतरच्या एफएम2एन मॉडेलमध्ये फ्लॅश 1/250 ला सिंक होतो, म्हणजे शटरशी जुळतो. पण तिच्यावर निकॉनची ‘जी’ (G) प्रकारची लेन्स लावू नका. तिला अ‍ॅपर्चर रिंग नसल्याने अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) सगळ्यात लहान आकारावर अडकतं. रिंग असलेली एएफ-डी 50 एमएम घ्या, ती दोन्ही बॉड्यांवर चालते. कॅननवाल्यांची लेन्सची सोय सोपी आहे, फिल्मच्या ईओएस बॉड्यांवर ईएफ लेन्स सरळ बसतात. एई-1 दिसायला देखणा आणि मिळायला सोपा, पण त्याचा 6 व्होल्टचा सेल संपला की शटर उघडतच नाही आणि फ्लॅश सिंक फक्त 1/60. त्याहून जास्त स्पीड ठेवला की फ्रेमचा एक भाग काळा येतो. जुनी बॉडी घेतल्यावर मागच्या दाराच्या खाचेतला फोम बोटाने दाबून बघा. चिकट काळी भुकटी बोटाला लागली तर सील गेलेले आहेत आणि निगेटिव्हवर उजेड गळून फोटोत केशरी पट्टे येणार. सील बदलून, एक रोल धुऊन निकाल पाहिल्याशिवाय ती बॉडी लग्नात नेऊ नये.

रोल भरताना चुकलं तर ते संध्याकाळपर्यंत कळतही नाही, म्हणून हे काम घाई न करता, सावलीत, बसून करा. फिल्मचं टोक टेक-अप स्पूलच्या खाचेत घालायचं, दोन्ही बाजूंची भोकं दातांत बसलेली दिसली पाहिजेत, मगच दार बंद. त्यानंतर डावीकडचा रिवाइंड नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्म ताणून घ्या आणि लीव्हर ओढा. लीव्हर ओढताना रिवाइंड नॉब फिरला तर फिल्म पुढे सरकते आहे. नॉब स्थिर राहिला तर फिल्म जागची हललेली नाही, काउंटर मात्र 1, 2, 3 मोजत राहणार. प्रत्येक रोलच्या पहिल्या तीन फ्रेमना नॉबकडे बघायची सवय लावून घ्या. आणि आयएसओची डायल! ब्लॅक अँड व्हाइट 1600 ला ताणून (पुश करून) घेतल्यावर 400 चा कलर रोल भरला आणि डायल तशीच राहिली, तर पूर्ण रोल दोन स्टॉप अंडर जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

रोल संपल्यावर रिवाइंड करून टोक डबीच्या आत जाऊ द्या. बाहेर राहिलं तर गडबडीत तोच रोल पुन्हा भरला जातो आणि हळदीवर पाठवणी छापली जाते. डबीवर पर्मनंट मार्करने नंबर टाका. शिवाय नवा रोल भरण्याआधी त्या नंबराच्या डबीचा एक फोटो डिजिटलवर काढून ठेवा. फिल्मवर वेळेची नोंद नसते. डिजिटलच्या फाइलींमध्ये त्या डबीची वेळ राहते आणि महिन्याने अल्बम लावताना कोणता रोल कुठे बसतो हे शोधत बसावं लागत नाही.

दोन्ही कॅमेरे एका हातात असण्याची खरी अडचण एक्स्पोजरची आहे. कलर निगेटिव्ह जास्त उजेड झेलते, कमी उजेडाला मात्र सावल्या मातकट होतात, दाणा वर येतो आणि स्कॅनिंगमध्ये त्या परत आणता येत नाहीत. डिजिटलचं उलट, पांढरा भाग एकदा फाटला (पार पांढराफटक झाला) की त्यात काहीच उरत नाही. म्हणून डिजिटलवर मुंडावळ्यांचे मोती आणि नवरदेवाचा पांढरा फेटा वाचवा, फिल्मवर पापण्यांखालची आणि हनुवटीखालची सावली वाचवा. डिजिटलवर हायलाइट जपून आलेलं रीडिंग जसंच्या तसं फिल्मला लावलं तर रोल एक-दीड स्टॉप अंडर जातो. कोडॅकचा पोर्ट्रा 400 रोल असेल तर आयएसओची डायल 200 वर ठेवा आणि लॅबला नेहमीसारखंच धुवायला सांगा. मीटर जवळ नसेल तर आपला तळवा नवरीच्या चेहऱ्यावर पडतो त्याच उजेडात धरून कॅमेऱ्याच्या मीटरने मोजा आणि एक स्टॉप जास्त द्या. तळवा मीटरच्या मधल्या करड्यापेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो.

कमी उजेडाची सीमा अशी धरा: 400 वर f/2 आणि 1/60 मिळत नसेल तर फिल्म खाली ठेवा. उलट टोकाला एप्रिलची दुपार. डायल 200 वर असताना भर उन्हात f/16 ला 1/250 लागतं. एफएम2वर f/4 ला 1/4000 करून मागची गर्दी धूसर करता येते. 1/1000 वर संपणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र f/8 च्या पुढे उघडता येणार नाही, तिथे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा किंवा माणसांना सावलीत घ्या.

गौरीहराचा प्रसंग नीट समजून घ्या, कारण लग्नात फिल्मचं सगळ्यात सुंदर काम इथे होतं. कार्यालयाची एक लहान खोली, पाटावर पिवळ्या साडीतली नवरी, समोर देवी, आणि ती एकेक अक्षता वाहते आहे. पंधरा-वीस मिनिटं तिला कुठे जायचं नसतं. खोलीत ट्यूबलाइट असते आणि एखादी खिडकी. घरच्या मोठ्या बाईला विचारून ट्यूबलाइट बंद करा. डेलाइट फिल्मवर ट्यूबचा हिरवट रंग त्वचेवर चढतो आणि खिडकीच्या उजेडात मिसळला की एक गाल हिरवा, एक गाल निळसर येतो. खिडकी नवरीच्या बाजूला येईल असे बसा, तिच्याइतकेच खाली. 50 एमएम, f/2.8, रीडिंग सावलीतल्या गालाचं. आणि थांबा. अक्षता उचलताना ती खाली बघते, वाहून झाल्यावर क्षणभर नजर देवीवर जाते. फ्रेम त्या वेळची घ्यायची. आठ-दहा फ्रेम पुष्कळ झाल्या. मग त्याच जागेवरून, त्याच फोकल लेंथने डिजिटलची एक फ्रेम रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमध्ये, व्हाइट बॅलन्स 5500 केल्विनवर लॉक करून घ्या. पुढे रंग जुळवताना हीच फ्रेम कामाला येते.

हळदीला पिवळ्या-केशरी कापडाच्या मांडवाखाली सगळ्यांचे चेहरे आधीच पिवळे असतात. त्यावर कोडॅक गोल्ड 200 सारखा उबदार रोल घेतला तर त्वचा आणि हळद वेगळी ओळखू येत नाही. मांडवाच्या कडेला, पांढऱ्या भिंतीजवळ किंवा मोकळ्या सावलीत माणसं आणा. लेन्सवर यूव्ही फिल्टर हवाच, आणि हळदीच्या हातांनी कॅमेऱ्याचं दार उघडू नका.

स्टेजवरचे एलईडी फिल्मला त्रास देतात, डिजिटललाही. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून साध्या एलईडीचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो आणि जलद शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. डिजिटलवर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. व्हिडिओवाल्या दादांशी सकाळीच बोलून घ्या. त्यांचा सनगन समोरून सरळ न मारता थोडा बाजूला धरला तर त्यांचंही चित्र चांगलं येतं, आणि नीट विचारलं की बहुतेक जण ऐकतात.

एप्रिल-मेमध्ये रोल बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने रंग सरकतात. फ्रिजमधून काढलेला रोल दीड तास बाहेर राहू द्या आणि मगच बाहेरची प्लॅस्टिकची डबी उघडा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. लॅब मुंबई-पुण्याची असेल तर रस्त्याने जाणारं कुरिअर करा किंवा कोणी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असेल तर त्याच्या हाती द्या. विमानाने नेणार असाल तर रोल हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरने न धुतलेली फिल्म खराब होते. सगळे रोल एकदम पाठवू नका. अर्धे पोचून धुऊन झाले की उरलेले. स्वस्तात मिळणाऱ्या सिनेमाच्या रोलवर काळा रेमजेट थर असेल तर तो साध्या सी-41 (कलर निगेटिव्ह धुण्याची नेहमीची पद्धत) लॅबला देऊ नका, थर सुटून त्यांचं रसायन आणि इतरांचे रोल खराब होतात. ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरी धुवायला शिकाच. एचपी5 प्लस 400 ला घेतला असेल तर आयडी-11 डेव्हलपरच्या तयार द्रावणात, आणखी पाणी न मिसळता, 20 अंशांवर साडेसात मिनिटं. नाशिकच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी याहून बरंच गरम असतं, तेव्हा बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून थर्मामीटरने तापमान जुळवा.

स्कॅन आले की रंग जुळवायचे ते डिजिटलचे, फिल्मच्या रंगांकडे झुकवून. स्कॅन ताणून डिजिटलसारखा केला तर फिल्म वापरण्याचं कारणच उरत नाही. एकच लॅब आणि एकच स्कॅनर धरून राहा, नाहीतर दर लग्नाला नवे रंग. बाजारातले तयार प्रीसेट बाजूला ठेवा. गौरीहराच्या त्या जोडफ्रेम शेजारी-शेजारी उघडून आधी व्हाइट बॅलन्स, मग सावल्या थोड्या वर, हायलाइट मऊ, शेवटी हिरवा आणि पिवळा रंग. त्वचा जुळली की थांबा.

अल्बमच्या वेळी मोजमाप विसरू नका. 3000×2000 पिक्सेलचा स्कॅन 250 डीपीआयने 12×8 इंच छापतो. करिझ्मा अल्बमचं 12×36 चं पूर्ण पान त्यातून भरणार नाही. तिथे डिजिटल लावा, फिल्मच्या फोटोला भोवती मोकळी जागा सोडून एका बाजूला बसवा.

निगेटिव्ह सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये घाला, रोलचा नंबर आणि तारीख लिहा, पावसाळ्यासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या घरच्यांच्या हवाली करताना पट्टी कडेने कशी धरायची हे घरातल्या एखाद्या तरुण मुला-मुलीला हातात देऊन दाखवा.