टीएनसी चालू होतो पण सीएमडी: प्रॉम्प्टच येत नाही – माझा अनुभव

वाशीला जुना टीएनसी-२ टाइपचा टीएनसी (हॅम रेडिओ आणि कॉम्प्युटर यांच्यामधला डेटा मोडेम) घेतला, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर आयएसएसचं, म्हणजे अंतराळ स्थानकाचं, पॅकेट (रेडिओवरून डेटा पाठवणं) करायचं होतं. पॉवर दिली की एसटीए आणि कॉन हे दोन एलईडी तीनदा लुकलुकायचे आणि मग टर्मिनलवर (कॉम्प्युटरवरून टीएनसीला कमांड द्यायच्या प्रोग्रॅमवर) काहीच नाही, कमांड मागणारा सीएमडी: प्रॉम्प्टही नाही, एंटर मारा, कंट्रोल-सी मारा, ढिम्म. केबल बदलली, यूएसबी कन्व्हर्टर बदलला, मागच्या डिप स्विचवरचा (छोट्या खटक्यांवरचा) बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, तपासला, तीन रविवार गेले, खूप वैताग आला.

ते तीनदा लुकलुकणं म्हणजे टीएनसी किस मोडमध्ये (KISS, कॉम्प्युटर प्रोग्रॅमने थेट वापरायचा मोड) अडकलाय, तिथे तो टाइप केलेली कमांड ऐकतच नाही. बाहेर काढायला १९२, २५५, १९२ हे तीन बाइट लागतात. ते मी आधीही पाठवले होते, पण टर्मिनल ७ बिट ऑड पॅरिटीवर होतं म्हणजे आठव्या बिटच्या जागी पॅरिटी (चूक तपासायचा) बिट जायचा, १९२ चा ६४ व्हायचा! शिवाय यूटीएफ-८ वर असलेलं टर्मिनल ऑल्ट धरून टाइप केलेल्या एका कॅरेक्टरचे दोन बाइट करून पाठवतं, म्हणून हेक्स (१६ च्या पायातले आकडे) पाठवणारंच टर्मिनल घ्या.

आधी टर्मिनल ८ बिट, नो पॅरिटी, १ स्टॉप करा, बॉड डिप स्विचप्रमाणेच. मग हेक्समध्ये सी० एफएफ सी० (C0 FF C0, म्हणजे तेच १९२, २५५, १९२) पाठवा. एंटर मारल्यावर सीएमडी: दिसेल, अक्षरं थोडी विचित्र दिसली तरी घाबरू नका, टीएनसी अजून ७ बिटवर असतो. तशाच कमांड टाइप करा: किस ऑफ (KISS OFF), एडब्ल्यूलेन ८ (AWLEN 8, म्हणजे ८ बिट), पॅरिटी ० (PARITY 0, म्हणजे नो पॅरिटी), मग रीस्टार्ट (RESTART). रीस्टार्टशिवाय बदल लागू होत नाही हे विसरू नका. नंतर मायकॉलमध्ये (MYCALL) आपला कॉलसाइन आणि टीएक्सडिले (TXDELAY, ट्रान्समीटर चालू झाल्यावर डेटा पाठवण्याआधीचा थांबा) ३०, म्हणजे ३०० मिलिसेकंद. शेवटी डिस्प्ले (DISPLAY) कमांड देऊन सगळी सेटिंग वाचून घ्या.

बंद करून परत चालू केल्यावर सेटिंग उडाली तर आतला बॅटरी सेल संपलाय, तो बदला.