स्की गॉगलची लेन्स घेताना या चुका टाळा: ढगाळ दिवसाची आधी, काळी नंतर

हल्ली पुण्या-मुंबईहून गुलमर्ग नाहीतर औलीला स्कीइंगचा कोर्स करायला जाणारे बरेच भेटतात. थर्मल कुठले, ग्लव्हज कुठले, सनस्क्रीन किती यावर त्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रात्र रात्र खल चालतो, आणि गॉगल मात्र निघायच्या आदल्या दिवशी "काळा घे, फोटोत भारी दिसतो" एवढ्यावर उरकला जातो. मग तिथं ढग उतरतात, बर्फ पडायला लागतो आणि ही मंडळी काळ्या लेन्समधून उतार शोधत बसतात.

माझं मत सरळ आहे. पैसे एकाच चांगल्या लेन्सचे असतील तर ढगाळ दिवसाच्या लेन्सवर घाला. कडक उन्हात थोडी फिकी लेन्स असली तर डोळे किलकिले करावे लागतात, वैताग येतो, पण पुढचं दिसतं तरी. ढगात काळी लेन्स असली तर समोरचा उंचवटाच दिसत नाही, तो पायाखाली आल्यावर कळतो आणि तोवर आपण आडवे झालेलो असतो.

वरचा रंग बघून लेन्स घेणं

सगळ्यात कॉमन चूक ही. दुकानात निळा, लाल, सोनेरी चमचमतो तो वरचा मुलामा असतो, आरशासारखा. लेन्सचा खरा रंग डोळ्याला लावल्यावर आतून दिसतो तो, आणि बाहेरून सेम निळे दिसणारे दोन गॉगल आतून एक गुलाबी आणि एक करडा निघू शकतो. त्यामुळे "ढगाळ हवेला निळी चालेल का" असं विचारून काही उपयोग नाही, नंबर विचारा. त्या नंबरला व्हीएलटी म्हणतात, बाहेरच्या उजेडातला किती टक्के उजेड लेन्समधून आत येतो ते. युरोपियन पद्धतीत त्याचे पाच गट आहेत: एस० म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, एस१ म्हणजे ४३ ते ८०, एस२ म्हणजे १८ ते ४३, एस३ म्हणजे ८ ते १८ आणि एस४ म्हणजे फक्त ३ ते ८ टक्के. एसपुढचा आकडा जितका लहान तितकी लेन्स फिकी, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. डेकॅथलॉनच्या वेडझे गॉगलच्या नावातच एस१ किंवा एस३ असतं, बाकी ब्रँडमध्ये पट्ट्यावर, फ्रेमच्या आतल्या बाजूला किंवा बॉक्सवर शोधावं लागतं. आणि जिथं कुठंच नंबर दिलेला नाही, नुसतं "एचडी व्हिजन" लिहिलंय, तो गॉगल तिथंच ठेवून या.

एस४ कडक उन्हातल्या हिमनदीवर चालायला वगैरे ठीक, साध्या स्कीइंगला नको, आणि ती घालून गाडी तर चालवायचीच नाही.

जागा कुठली, दिवस कसा याचा विचारच न करणं

गुलमर्गचंच घ्या. गाव साधारण २,६५० मीटरवर, गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडूरीला ३,१०० च्या आसपास सोडतो, दुसरा टप्पा अफरवाटला ३,९०० च्या वर नेतो. खाली फरची दाट झाडं आणि वर उघडा, पांढराशुभ्र डोंगर, एक झाड नाही. आता गंमत बघा, हवा बिघडली की दुसरा टप्पा बंद होतो. म्हणजे ज्या उघड्या डोंगरासाठी तुम्ही काळी लेन्स घेतली तिथं तुम्ही शक्यतो स्वच्छ दिवशीच जाणार आणि ढगाळ दिवशी सगळे खाली, झाडांत किंवा शिकाऊंच्या उतारावर, जिथं उजेड आधीच कमी. शिकायला आलेला माणूस तर बहुतेक वेळ खालीच असतो. त्याला ५० ते ६० टक्क्यांची गुलाबी किंवा पिवळसर एस१ खूप उपयोगाची, दुसरी घ्यायचीच तर १२-१५ टक्क्यांची एस३. आणि "दोन लेन्स कोण सांभाळत बसणार" असं असेल तर ३०-४० टक्क्यांची गुलाबी एस२, ती कुठंच परफेक्ट नसते पण कुठंच फार अडत नाही.

महिनाही बघा. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ घेऊन येणारे पश्चिमी विक्षोभ एकामागून एक येत राहतात, मार्च उजाडला की ऊन कडक होतं आणि तेव्हा मात्र एस३ शिवाय दुपारी हाल होतात.

परदेशातल्या आपल्या लोकांनाही हेच लागू आहे, फक्त तिथली हवा बघून. कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून टाहोच्या डोंगरात जाणाऱ्याला स्वच्छ उन्हाचे दिवस भरपूर मिळतात, सिएटलवाल्याला जवळच्या कॅस्केड्स डोंगरांत ढगच जास्त, त्यात स्टीव्हन्स पास किंवा स्नोक्वाल्मीला रात्रीच्या दिव्यांत स्कीइंग चालतं तिथं एस० म्हणजे जवळजवळ पारदर्शक लेन्सच हवी. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मित्राने सुचवलेली लेन्स सिएटलला डोळे मिटून मागवू नका. आणि दुबईच्या मॉलमधल्या स्कीइंगच्या बंद हॉलमध्ये सोनेरी आरशाचा एस३ लावून फिरणारे पाहिले की हसू येतं, अरे बाबा, डोक्यावर छप्पर आहे!

काहीच उंच-सखल दिसत नाही, सगळं पांढरं

याला स्कीवाले फ्लॅट लाइट म्हणतात. पातळ ढगातून उजेड सगळीकडून सारखा येतो, खालचा बर्फ तोच उजेड परत वर फेकतो, सावल्या गायब होतात आणि आपल्याला खड्डा-उंचवटा तर सावलीवरूनच कळत असतो. ताकाच्या पातेल्यात उतरल्यासारखं वाटतं, वर कुठे खाली कुठे समजत नाही, काहींना उभ्या उभ्या गरगरतं. इथं पिवळी, अंबर किंवा गुलाबी लेन्स कामाला येते कारण ती निळा उजेड गाळते, आणि बर्फावरच्या हलक्या सावल्या निळसर असल्यामुळे त्या लेन्समधून जरा गडद उठून दिसतात. प्रिझम, क्रोमापॉप वगैरे नावांनी जे महाग लेन्स मिळतात ते हाच प्रकार आणखी बारकाईने करतात, कुठले रंग पुढे आणायचे आणि कुठले दाबायचे ते ठरवून. फरक पडतो, पण नंबर चुकीचा असेल तर ती महाग टेक्नॉलॉजी वाया. बारा टक्क्यांची प्रिझम ढगात बारा टक्केच उजेड देणार.

एक मात्र खरं की पूर्ण व्हाइटआउट झाला, म्हणजे आकाश-जमीन सगळं एकच पांढरं झालं, तर कुठलीच लेन्स चमत्कार करत नाही, मुळात सावलीच नसेल तर लेन्स दाखवणार काय. तेव्हा झाडांच्या कडेने उतरा, इन्स्ट्रक्टरच्या मागे राहा, स्पीड कमी करा. झाडांची खोडं दिसली की डोळ्याला धरायला काहीतरी मिळतं.

"फोटोक्रोमिक घेतली, आता टेन्शन नाही"

थोडं टेन्शन आहे. उन्हात आपोआप काळी होणारी ही लेन्स मुळात यूव्हीमुळे, म्हणजे अतिनील किरणांमुळे, काळी होते, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडामुळे नाही, आणि ढगातूनही यूव्ही बरंच येतं, म्हणून ढगाळ दिवशी तुम्हाला हवी त्यापेक्षा ती जास्त काळी होऊ शकते. दुसरं, थंडीत ती जास्त काळी होते आणि परत फिकी व्हायला रेंगाळते. वरच्या उन्हातून सुसाट खाली झाडांत शिरलात की काही मिनिटं तुम्ही उन्हाची लेन्स घालून सावलीत असता, आणि झाडांतली ती काही मिनिटंच धोक्याची. तरीही ज्याला दोन लेन्स बदलायचा खरंच कंटाळा आहे त्याच्यासाठी ही वाईट नाही, फक्त रेंज बघून घ्या, एस१ ते एस३ लिहिलेली घ्या, एस२ ते एस३ वाल्या लेन्सचा ढगात फारसा फायदा नाही.

पोलराइज्डचं पण तसंच. चकाकी कमी होते, डोळे शांत राहतात, पण कडक बर्फाचा काचेसारखा झालेला पट्टा त्या चकाकीवरूनच तर लांबून ओळखू येतो. शिवाय मोबाइलची स्क्रीन तिरकी धरली की काळी दिसते. मी स्कीइंगला घेणार नाही, नुसतं बर्फात फिरायला जायचं असेल तर खुशाल घ्या.

चष्मावाल्यांचा हिशोब

गॉगलच्या आत चष्मा घालणार असाल तर ओटीजी (म्हणजे चष्म्यावरून घालायचा) लिहिलेला, कडेला चष्म्याच्या काड्यांसाठी खाच असलेला गॉगल घ्या. पण त्याहून महत्त्वाचं, आत टिंट असलेला चष्मा घालू नका, कारण दोन्हीचा गुणाकार होतो. चष्मा ५० टक्के उजेड सोडतो, गॉगल ३० टक्के, तर डोळ्यापर्यंत पोचतो फक्त १५ टक्के, म्हणजे एस२ घेऊनही तुम्ही एस३ मध्ये. ज्यांचा चष्मा उन्हात काळा होणारा आहे त्यांना मात्र ही भीती नाही, गॉगल यूव्ही अडवतो त्यामुळे आतला चष्मा काळाच होत नाही.

लेन्स बरोबर आहे पण धूसर दिसतंय

बऱ्याचदा लोक लेन्सला शिव्या घालतात आणि प्रॉब्लेम वाफेचा असतो. घाम, श्वास आणि थंड लेन्स एकत्र आले की वाफ धरणारच, पण ती आपणच कशी वाढवतो ते बघा. माकडटोपी गॉगलच्या फोमखाली अडकवली की फट राहते आणि नाकातोंडाची वाफ थेट आत जाते. आपल्याकडच्या लोकांची ही हमखास खोड. टोपी असो की गळ्यातला बफ, फोम थेट कातडीला टेकला पाहिजे आणि कापड नाकावरून वर येता कामा नये. दुसरी खोड म्हणजे लिफ्टच्या रांगेत गॉगल कपाळावर चढवणं, घामट कपाळाची सगळी वाफ लेन्स पिऊन घेते. थांबलात तरी डोळ्यांवरच राहू द्या. वरच्या व्हेंटमध्ये, म्हणजे हवेच्या फटींत, बर्फ अडकला असेल तर झटकून टाका.

आणि आतून पुसू नका! आतल्या बाजूला अँटी-फॉगचा नाजूक थर असतो, ओला असताना ग्लव्हजने किंवा शर्टाच्या टोकाने घासला की तो गेला, मग तिथं कायमचा धूसर डाग. आत बर्फ गेला तर झटका, उरलेलं पाणी गॉगलच्याच मऊ पिशवीने टिपा, घासू नका. बाइकच्या हेल्मेटच्या काचेला साबण किंवा शेव्हिंग क्रीम चोळायचा जुगाड इथं करू नका, होता तो थरही जातो. संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीजवळ, वाळत टाकणं ही तर गुलमर्ग स्पेशल चूक, दुहेरी लेन्सच्या मधली पट्टी उष्णतेने सुटली की दोन काचांच्या मध्ये ओल जाते आणि ती मग काही केल्या निघत नाही. साध्या खोलीत, हवेवर, उताणा ठेवून वाळू द्या.

रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतंय

हे लेन्सच्या टिंटचं नाही, यूव्हीचं दुखणं. "आज ढग आहेत, गॉगल कशाला" म्हणून दिवसभर उघड्या डोळ्यांनी फिरणाऱ्यांना होतं. उंचीबरोबर यूव्ही दर १,००० मीटरला साधारण १० टक्के वाढतं, ताजा बर्फ त्यातलं ८० टक्क्यांपर्यंत परत उडवतो, आणि पातळ ढग त्याला फारसे अडवत नाहीत. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे कशामुळे झालं ते कळत नाही. डोळे लाल, पाणी गळतंय, उजेड सहन होत नाही असं झालं तर चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा, अंधारात पडून राहा, गार पट्टी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. साधारण एक-दोन दिवसांत उतरतं, पण तोवर स्कीइंग बंद.

यातली मेख अशी की लेन्स काळी आहे म्हणजे यूव्ही अडवते असं अजिबात नाही. पूर्ण पारदर्शक चांगली लेन्स यूव्ही अडवू शकते आणि स्वस्तातली काळी लेन्स सोडू शकते, उलट काळ्याच्या मागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आत जास्त जातं. यूव्ही ४०० लिहिलेलं हवं, आणि ऑनलाइन स्वस्तात घेतलेल्या गॉगलवरचा स्टिकर खरा वाटत नसेल तर जवळच्या चष्म्याच्या दुकानात विचारा, बऱ्याच ठिकाणी यूव्ही तपासायचं छोटं मशीन असतं.

घेण्याआधी घरी करून बघायची एक टेस्ट

दुकानाच्या झगझगीत लाइटखाली सगळ्याच लेन्स मस्त वाटतात. दोन लेन्समध्ये ठरत नसेल आणि परत करायची सोय असेल तर घरी आणा, संध्याकाळी ऊन गेल्यावर गच्चीत पांढरी चादर चुरगळून टाका आणि दहा पावलांवरून बघा कुठल्या लेन्समधून चुण्या जास्त स्पष्ट दिसतात. हिमालय नाही, पण ट्यूबलाइटपेक्षा बरं.

जादा लेन्स घेताना मॉडेल आणि साइज दोन्ही जुळवून घ्या, ब्रँड सेम असला तरी एका मॉडेलची लेन्स दुसऱ्यात बसेलच असं नाही, मॅग्नेटवाल्या गॉगलचंही तेच. आणि बदलायची ती गंडोलाच्या केबिनमध्ये किंवा टपरीत चहा घेताना, कडांना धरून, हात कोरडे करून. वर वाऱ्यात ग्लव्हज काढून लेन्स बदलायला गेलात तर बोटं बधिर होतात आणि लेन्स दरीत. जादा लेन्स बॅगेत नको, मऊ पिशवीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, तिथं ती जरा गरम राहते आणि लावल्या लावल्या वाफ धरत नाही.