फेसच्या जुन्या शहरात कसं फिरायचं

मोरोक्कोतल्या फेसला गेलात तर जुन्या शहरात बाब बू जलूद दरवाज्यातून शिरा. बाहेरून निळा, आतून हिरवा, दिसतो भारी पण आहे १९१३ चा, फ्रेंचांच्या काळातला, त्यामुळे सेल्फीत फार वेळ घालवू नका. पुढे तला कबीरा या मुख्य गल्लीचा उतार धरा, लगेच १४व्या शतकातला बू इनानिया मदरसा लागतो, तिकीट काढून आत जाच आणि चौकात उभं राहून भिंत खालून वर बघा, आधी रंगीत फरशीचे बारीक तुकडे, मग गिलाव्यातली नक्षी, वर देवदाराचं कोरीव लाकूड. गल्ल्यांत गाड्या नाहीत, पण मागून 'बालाक!' ऐकू आलं की भिंतीला चिकटा, लादलेलं गाढव येतंय. ८५९ साली फातिमा अल् फिहरीने बांधली म्हणतात ती करावियीन मशीद, मुस्लिम नसाल तर दारातूनच बघावी लागते. शुवारा इथले चामडं कमावायचे हौद वरच्या दुकानांच्या गच्चीवरून दिसतात, चुना आणि कबुतरांच्या विष्ठेचा वास असह्य असतो, पुदिन्याची काडी देतात ती घ्याच, खरेदीचा आग्रह मात्र हसून टाळा. रस्ता चुकलात तर मुख्य गल्ली विचारून चढ धरायचा, दरवाज्याशी पोचता. शुक्रवारी बरीच दुकानं बंद असतात हां.