साठीतल्या बाईला फोनवरचं वाचायला कसं शिकवावं

१९९० च्या दशकात वाई तालुक्यात मी साक्षरता अभियानाचे रात्रीचे वर्ग घ्यायचे. बाईला स्वतःची सही आली, अंगठा सुटला, की आम्ही पेढे वाटायचो. निवृत्त झाल्यावर आता ओसरीवर दुपारचा वर्ग घेते. त्याच बायका आज रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावतात. सही कुणी मागत नाही. पण मशीनमधून पावती निघते, ती वाचता यायला हवी. घरातल्या आईला, सासूला अक्षरओळख असेल आणि पुढचं शिकवायचं असेल, तर असं करा.

बाराखडीपासून सुरुवात नको, ती पावतीच पुढ्यात ठेवा. रेशन कार्डाच्या ‘प्राधान्य कुटुंब’ गटातल्या घराला माणशी महिन्याला ५ किलो धान्य असतं. घरात चार माणसं, म्हणजे गहू-तांदूळ मिळून २० किलो. हा हिशेब तिला तोंडी सहज येतो. मग तोच आकडा पावतीवर शोधायला लावा आणि पिशवीशी ताडून बघायला सांगा.

आकड्यांवर आठवडाभर थांबा. मराठी आकडे गिरवलेल्या बाईला इंग्रजी नऊ आपल्या १ सारखा दिसतो आणि इंग्रजी आठ ४ सारखा. वर्गातल्या एका मावशींचा फोन नातवाला लागेचना. वहीत नंबर मराठी आकड्यांत होता आणि त्यातल्या १ साठी त्या फोनवरचा नऊ दाबत होत्या. तो नंबर चुकीचा आहे असंच त्या सहा महिने धरून बसल्या होत्या. शून्य ते नऊ मराठीत एका ओळीत लिहा, खाली इंग्रजीत, फसवणारे आकडे लाल पेनाने गोल करा आणि कागद फोन ठेवायच्या जागी चिकटवा.

बँकेचे मेसेज बहुधा इंग्रजीत येतात. सगळं इंग्रजी शिकवत बसू नका, दोनच शब्द ओळखता येऊ देत. ‘क्रेडिटेड’ म्हणजे जमा, ‘डेबिटेड’ म्हणजे गेले. पहिल्याचं पहिलं अक्षर उघड्या कडीसारखं, दुसऱ्याच्या पहिल्या अक्षराला पाठीशी उभी काठी. जुने दहा मेसेज उघडून प्रत्येकाला ‘आले’ की ‘गेले’ एवढंच म्हणायला लावा.

यानंतरचा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझी जाऊ दहावी शिकलेली. शिलाई मशीन विकायला काढलं, तर गिऱ्हाइकाने क्यूआर कोड पाठवला आणि ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणाला. तिचे साडेतीन हजार गेले. वाचायला तिला येत होतंच, पण स्क्रीनवर नेमकं काय वाचायचं हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून दोघींच्या फोनवर एक-एक रुपया खरोखर पाठवून बघा. पिनआधी तीन गोष्टी मोठ्याने वाचायच्या: कुणाला, किती, देते आहे की घेते आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तिच्या तोंडून रोज वदवून घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

माईकचं बटण दाबून बोललं की फोन लिहितो, हे बायकांना फार आवडतं. जरूर शिकवा, जोडाक्षरांची धास्ती जाते. पण वाचल्याशिवाय मेसेज पाठवायचा बाण दाबायचा नाही. एकीने लेकीला ‘उद्या यायचं नाही’ म्हणून सांगितलं, त्यातलं ‘नाही’ गळलं आणि लेक पोराबाळांसह दारात उभी. तेव्हापासून माझ्या वर्गात प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचतात, पूर्वी पाटीवर ठेवायच्या तसंच.

रोज अर्धा तास पुरे. आणि शिकवताना फोन तिच्याच हातात असू द्या. ती अडखळली की आपला हात आपोआप पुढे जातो. मी तर सरळ दोन्ही हात पाठीमागे बांधून बसते.