क्रोमसारखी चमकणारी चाकं हिवाळ्यात कशी सांभाळायची

मराठवाड्यात गाडीच्या चमकदार अलॉय (अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूच्या) चाकांचं खरं नुकसान पावसात कमी आणि दिवाळीनंतर जास्त होतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, रस्त्यावर मीठही टाकत नाहीत. पण रब्बीच्या पेरणीत शेतरस्त्यावर सांडलेलं खत चाकाला लागतं आणि त्यातलं म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइडच आहे, म्हणजे धातूसाठी मिठासारखंच. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागे चिकट रस आणि काळी माती असतेच. वर पहाटेचं दव. दवात भिजलेली घाण दिवसा उन्हात वाळते, रात्री पुन्हा ओली होते, आणि तीन-चार महिने हेच चालू राहतं.

साबण हातात घेण्याआधी चाकाचा सगळ्यात वरचा थर कशाचा आहे ते ओळखा. पुढचं सगळं यावर ठरतं. शोरूममधून येणाऱ्या बहुतेक दुरंगी चाकांचा चमकणारा भाग डायमंड कट असतो. उन्हात तिरपं पाहिलं तर लेथवर उमटलेल्या बारीक गोल रेषा दिसतात आणि त्यांवर पारदर्शक लॅकरचा थर असतो. पीव्हीडी क्रोम म्हणजे पावडर कोटिंग, त्यावर धातूचा अतिशय पातळ थर आणि वर पुन्हा लॅकर. खऱ्या क्रोम प्लेटिंगमध्ये निकेलवर क्रोम चढवलेलं असतं, लॅकर नसतं. चौथा प्रकार नुसत्या पॉलिश केलेल्या उघड्या अ‍ॅल्युमिनिअमचा. चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला पांढऱ्या कापडावर थेंबभर मेटल पॉलिश घेऊन हलकेच घासा. कापड लगेच काळं झालं तर धातू उघडा आहे. मात्र ही कडा पुढच्या भागासारखीच चमकणारी हवी, नुसत्या रंगवलेल्या जागेवर काही कळणार नाही. शंका राहिलीच तर लॅकर आहे असं धरून चाला. लॅकरवर ब्रासोसारखं मेटल पॉलिश घासलं की त्यावर धुरकट छटा येते आणि ती धुऊन जात नाही.

चाक हाताला थंड लागेपर्यंत पाणी मारू नका. सकाळी दहाच्या सुमारास, सावलीत काम करा आणि एका वेळी एकच चाक घ्या. आधी नुसत्या पाण्यानं माती सुटू द्या. काळी माती वाळलेली असेल तर पाच मिनिटं भिजू द्या, कारण तिच्यातले बारीक खडे कोरडे घासले की चरे पडतात. प्रेशर वॉशरची नळी किमान फूटभर लांब ठेवा. मग दोन बादल्या घ्या, एकीत पीएच न्यूट्रल (आम्लधर्मीही नाही, अल्कधर्मीही नाही असा) कार शॅम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. शॅम्पूचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, त्याहून जास्त घालून जास्त स्वच्छ होत नाही. आरे आणि नटांच्या खाचांसाठी रंगाचा मऊ ब्रश चालतो, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा. उसाच्या रसाचा चिकटा कोमट पाण्यानं निघतो. डांबराच्या ठिपक्यावर टार रिमूव्हर कापडाला लावून धरा, ब्रेक डिस्कवर उडू देऊ नका.

शॅम्पूनंतरही तपकिरी ठिपके राहिले तर अलॉय गंजलं असं समजू नका. अ‍ॅल्युमिनिअमवर लाल गंज चढत नाही. ती ब्रेकमधून उडालेली, गरम असताना रुतलेली लोखंडाची भुकटी असते. आयर्न रिमूव्हर फवारला की ती जांभळी होऊन ओघळते. तीन-चार मिनिटांत, वाळण्याआधी धुवा. उघड्या धातूसाठी किंवा क्रोमसाठी घेताना बाटलीवर तसा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहा.

लातूर-बीडकडच्या बोअरच्या जड पाण्यानं चाक धुऊन तसंच वाळू दिलं की पांढरे डाग उरतात. शेवटचा हात आरओच्या पाण्यानं फिरवा, एका चाकाला लिटरभर पुरतं. आरओमधून बाहेर सोडलेलं पाणी मात्र नको, सगळे क्षार त्यातच असतात. मग लगेच मायक्रोफायबरनं टिपून घ्या. आधीच पडलेल्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून कापडानं मिनिटभर धरा आणि धुवा. हा उपाय लॅकर किंवा शाबूत क्रोमसाठीच आहे, उघड्या अ‍ॅल्युमिनिअमला व्हिनेगर लावू नका.

वॉशिंग सेंटरला गाडी देताना चाकांवर अ‍ॅसिड मारू नका, हे आधी बजावून सांगा. फरशीचं अ‍ॅसिड मिनिटभरात घाण काढतं, पण क्रोमवर बारीक छिद्रं पाडतं आणि उघड्या अ‍ॅल्युमिनिअमवर राखाडी ओघळ उठवतं. कॉस्टिक सोड्याचा फेसही अ‍ॅल्युमिनिअमला तितकाच घातक आहे. घासणी आणि भांड्यांची पावडर तर चाकाजवळही आणू नका.

चाक पूर्ण कोरडं झालं की संरक्षणाचा थर. साधं कार्नोबा वॅक्स चाकावर फार टिकत नाही, ते साधारण 82 ते 86 अंशांना वितळतं आणि घाटात ब्रेक लावताना चाक चांगलंच तापतं. म्हणून व्हील सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग घ्या. सीलंटचा अगदी पातळ हात द्या, डब्यावर सांगितलेला वेळ थांबा, पुसा, आणि काही तासांनी दुसरा हात द्या. जाड थर वाळत नाही, पुसताना पट्टे उठतात. परभणीत थंडीच्या दिवसांत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. त्या गारठ्यात आणि दवात सीलंट नीट बसत नाही, म्हणून ऊन वर आल्यावरच लावा. त्या रात्री गाडी छपराखाली ठेवा. दिवाळीच्या सुमारास एकदा आणि संक्रांतीला पुन्हा, असं केलं की हंगाम निभावतो. मधल्या काळात पंधरा दिवसांनी शॅम्पूची धुलाई पुरे. पोटॅश लागल्याचा संशय असेल तर मात्र त्याच दिवशी धुवा.

जमलं तर चाकं काढून आतली बाजूही सील करा, सगळ्यात जास्त भुकटी तिथेच साचते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावा. नट परत बसवताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं (आवळण्याच्या जोरानं), समोरासमोरच्या क्रमानं आवळा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. सीलंट नटांच्या बैठकीला किंवा डिस्कला लागता कामा नये.

पंक्चरच्या दुकानात टायर काढायची टॉमी (लोखंडी पट्टी) लावताना रिमच्या कडेला प्लॅस्टिकचं गार्ड ठेवायला सांगा आणि बॅलन्सिंगचं वजन आतल्या बाजूला चिकटवायचंच मागा. कडेवर ठोकलेल्या क्लिपखाली लॅकर फुटतं, मग पाणी आत शिरून पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरत जातात. अशी रेष दिसली तर पॉलिशचा उपयोग नाही, लॅकर काढून पुन्हा चढवावं लागतं. ताजा, छोटा टवका असेल तर स्वच्छ, कोरडा करून लगेच क्लिअर टचअप लावा. क्रोमचा फुगवटा नखानं उचलू नका, पापुद्रा हातभर सुटत जातो आणि त्याच्या धारेनं बोट कापतं.