बिथरलेल्या बॉल पायथनला हाताळण्याची सवय कशी लावावी

नवा बॉल पायथन पेटीत गोळा होऊन बसतो, डोकं वेटोळ्यांत खुपसतो आणि हात जवळ नेला की फुत्कारतो. त्याला ‘रागीट’ ठरवून मोकळं होऊ नका, तो घाबरलेला आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप दिवसभर उंदरांच्या बिळांत नाहीतर वारुळांत दडून असतो. वरून झेपावणारी मोठी वस्तू म्हणजे आपल्याला खाणारं कुणीतरी, हे तो जन्मतःच जाणतो. त्याला तुमचा लळा लागणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. हात शत्रू नाही आणि भक्ष्यही नाही, एवढं त्याला कळलं की काम झालं.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो. नाग, धामण, आपला अजगर, मांडूळ यांपैकी काहीही घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि या लेखातलं काहीही त्यांच्यावर करून बघायचं नाही. बॉल पायथन परदेशी असला तरी साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो. कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. कागदपत्रांशिवाय मिळणारा साप घेऊ नका.

१. पेटी

उबदार बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५-२६, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. हीटरला थर्मोस्टॅट हवाच. दोन्ही बाजूंना लपायला एकेक जागा द्या, पाठ छताला टेकेल इतकी अडचणीची. हे नीट नसेल तर पुढचं वाचू नका. गारठलेला साप हातात शांत राहतो, पण त्याला सवय लागलेली नसते, हालचाल करायला अंगात ऊबच नसते.

२. हात न लावणं

किमान एक आठवडा, आणि त्यानंतरही लागोपाठ दोन वेळा नीट खाईपर्यंत त्याला उचलू नका. पाणी बदला, घाण काढा, बस्स. ‘पहिल्या दिवसापासून रोज हातात घ्या, म्हणजे सवय होते’ हा सर्रास मिळणारा सल्ला साफ चुकीचा आहे. सतत धास्तावलेला बॉल पायथन पहिल्यांदा खाणं सोडतो, आणि एकदा सोडलं की आठवडेच्या आठवडे तोंड लावत नाही.

३. खाणं

गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने द्या. जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी. पेटीतच भरवा. भरवण्यासाठी वेगळ्या डब्यात काढलं नाही तर साप चावरा होतो, असं सांगणारे बरेच भेटतील. उलट त्या डब्यातून शिकारीच्या तारेत असलेला साप परत उचलतानाच चावे बसतात. खाल्ल्यावर ४८ तास त्याला हलवू नका, गिळलेलं बाहेर काढेल. काढलंच तर पुढचं खाणं दोन आठवड्यांनी आणि आकाराने लहान. डोळे दुधाळ-निळसर झाले की कात टाकेपर्यंत हाताळणी बंद, कारण त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही.

४. उचलणं

सगळं अडतं ते इथे. बाकीच्या पायऱ्या संयमाच्या आहेत, ही हाताच्या वळणाची आहे. हात पेटीत गेल्यापासून साप तळव्यावर येईपर्यंतच्या पाच-सात सेकंदांत तुम्ही काय करता, त्यावर पुढचे सगळे महिने ठरतात.

आधी हात साबणाने धुवा. उंदराचा किंवा घरातल्या मांजराचा वास असलेला हात पेटीत न्यायचा नाही. वेळ दिवसाची निवडा. रात्री हा साप बिळाच्या तोंडाशी मान वळवून, थोबाड बाहेर काढून दबा धरतो. तेव्हा समोर आलेली ऊबदार वस्तू म्हणजे त्याच्या दृष्टीने उंदीर. त्याच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. थोबाडासमोर धरलेला ऊबदार तळवा त्याला त्या खाचांतून आधी जाणवतो, हात म्हणून दिसतो नंतर.

लपायची जागा सावकाश वर उचलून बाजूला ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. त्याला उजेडाची, मोकळ्या जागेची जाणीव होऊ द्या. आता कागदी टॉवेलच्या आतली पुठ्ठ्याची नळी किंवा सापाचा हूक (साप उचलायची वाकड्या टोकाची काठी) घ्या आणि शरीराच्या मध्यभागी अलगद टेकवून दोन-तीन इंच सरकवा. टोचायचं नाही, थोपटायचं नाही. भक्ष्य कधी असं अंगावरून घासत येत नाही, त्यामुळे हा स्पर्श म्हणजे ‘आता खाणं नाही’ हे तो काही आठवड्यांत शिकतो. शिकलेला साप नळी टेकताच डोकं किंचित मागे घेतो आणि अंग सैल सोडतो. हा इशारा प्रत्येक वेळी द्या, साप कितीही माणसाळला तरी.

नळी बाजूला ठेवली की लगेच हात न्या. बाजूने न्या, वरून कधीच नाही. बोटं शरीराच्या मधल्या भागाखाली सरकवा, दुसरा हात शेपटीकडच्या भागाखाली, आणि एकाच सावकाश पण सलग हालचालीत उचला. घोळ इथेच होतो. माणूस हात अर्ध्यावर नेतो, साप फुत्कारतो, हात मागे येतो, पुन्हा पुढे जातो. मागेपुढे होणारा हात सापाला सर्वांत जास्त बिथरवतो. शिवाय फुत्कारलं की हात पळतो हा धडा त्याला मिळतो आणि पुढच्या वेळी तो आधीच फुत्कारतो. म्हणून न्यायचा असेल तर पूर्ण न्या, नसेल तर पेटी उघडूच नका.

मान इंग्रजी ‘एस’सारखी वळवून तो तुमच्याकडे रोखून बसला असेल तर मात्र थेट हात घालू नका. वहीएवढा पुठ्ठा त्याच्या डोक्यासमोर आडवा धरा आणि आडोशामागून शरीराचा मागचा भाग उचला. जाड हातमोजे घालणं हा याला पर्याय नाही. मोज्यातून सापाची पकड, त्याच्या स्नायूंचा ताण काही कळत नाही, आणि न कळणारा माणूस जास्त घट्ट धरतो. डोक्यामागे मान पकडणं तर अजिबात नको. ती विषारी साप आवरण्याची पद्धत आहे, पाळीव सापाला तिच्यात फक्त शिकाऱ्याचा पंजा जाणवतो.

गोळा झालेला असेल तर गोळ्यासकट उचला. तो उलगडायचा प्रयत्न करू नका.

५. हातात आल्यावर

जमिनीवर बसा, साप मांडीजवळ ठेवा, सगळ्या अंगाला खालून आधार द्या. आता काही करायचं नाही. आधी थोबाड बाहेर येईल, मग जीभ, मग मान. जीभ सावकाश, लांब लवलवत असेल तर तो वास घेत चाचपणी करतोय. जीभ बंद, श्वास भराभर, अंग लाकडासारखं ताठ, म्हणजे भीती. तो सरकायला लागला की एका हातापुढे दुसरा हात ठेवत जा, अडवू नका. डोक्यावरून हात फिरवू नका. बहुतेकांना ते शेवटपर्यंत आवडत नाही.

सुरुवातीला पाच मिनिटं, आठवड्यात दोन-तीनदा. दर पंधरवड्याला थोडं वाढवत वीस मिनिटांपर्यंत न्या. रोज नको.

६. परत ठेवणं

तो शांत असताना ठेवा. धडपडत असेल तर हात स्थिर ठेवून एक-दोन मिनिटं थांबा, अंग सैल पडलं की लपायच्या जागेच्या तोंडाशी सोडा. मग साबणाने हात धुवा. सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो, त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊ नका.

७. अडलं तर

स्वयंपाकघरातला वेगळा ठेवलेला डिजिटल काटा वापरून आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. खाणं थांबलं तर हाताळणीही थांबवा. मोठे नर विणीच्या हंगामात महिनोन् महिने उपाशी राहतात आणि वजन जवळजवळ टिकवून ठेवतात, त्याची काळजी नाही. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातोंडाशी बुडबुडे आहेत किंवा खवल्यांखाली काळे ठिपके फिरताना दिसतायत, तर हा सवयीचा प्रश्न नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

८. चावला तर

घाबरून मारलेला चावा क्षणात सुटतो. चार-सहा बारीक टोचे, थोडं रक्त, विष नाही. भक्ष्य समजून धरला असेल तर तो वेटोळं घालतो आणि सोडत नाही. हात ओढू नका. दात आत वळलेले असतात, ओढल्याने तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. तोंडावर गार पाण्याची बारीक धार सोडा. सुटला की शेपटीकडून वेटोळं उलगडत या. जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बराच काळ झाला असेल तर घ्या, सूज वाढत गेली तर डॉक्टरला दाखवा. सापाला त्या दिवशी पुन्हा उचलू नका. दोन-तीन दिवसांनी, दिवसाउजेडी, नळीच्या स्पर्शापासून परत सुरू करा.